पाणी धरलंस का?

गॅदरिंगच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'जगज्जेता सिकंदर' या विषयावर बोललो आणि दुसरा नंबर काढला. आपल्याकडे कुठल्याही स्पर्धेच्या पोस्टरवर 'जो जीता वही सिकंदर' लिहायची पद्धत आहेच, त्यामुळे विषय पब्लिकला पटणारा होता. भाषणाचा शेवट मी मुद्दाम राखून ठेवला होता. वाळवंट. तहानेने व्याकूळ झालेलं सैन्य. कुठल्याशा ओघळीत सापडलेलं ओंजळभर पाणी शिपाई शिरस्त्राणात घालून राजाकडे आणतात. राजा त्यांचे आभार मानतो आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी वाळूत ओतून देतो. माझ्या माणसांना नाही तर मलाही नको! इथे मी दोन सेकंद थांबलो आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

रात्री मेसला उशिरा पोचलो. मेसचे मामा भांडी आवरत होते. त्यांनी भाषण मागे उभं राहून ऐकलं होतं. ताटात पोळी टाकता टाकता म्हणाले, "बोललास झकास. पण मला एक सांग, त्या वाळवंटात त्यांना न्हेलं कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते टाळ्यांच्या विरुद्ध बाजूला होतं. त्यांना तिथे नेणारा तोच होता, पाणी ओतणारा.

हा लेख त्या एका प्रश्नामुळे लिहितोय. आधीच सांगतो, सिकंदर भंपक होता असं मला म्हणायचं नाही. 'पोरसनेच सिकंदरला हरवलं' असे मेसेज अधूनमधून फिरतात, त्या गटातलाही मी नाही. उपलब्ध साधनं पाहिली तर झेलमच्या काठावर इ.स.पू. ३२६ मध्ये पोरस हरला, आणि पुढे सिकंदराने त्याला त्याचं राज्य परत दिलं, वर आणखी मुलूख जोडून दिला. ती लढाई डोकं लावून लढलेली होती. समोर फुगलेली नदी आणि पलीकडे हत्ती. रोज रात्री आरडाओरडा करून नदी ओलांडण्याचं नाटक करायचं, म्हणजे काही दिवसांनी पलीकडचे लोक कंटाळून लक्ष देणं सोडतात. मग क्रेटेरसला मुख्य छावणीत ठेवून स्वतः सुमारे पंचवीस किलोमीटर वर जायचं आणि वादळी पावसाच्या रात्री पलीकडे उतरायचं. बुद्धीबद्दल वाद नाही. विसाव्या वर्षी गादीवर आला (इ.स.पू. ३३६), बाविसाव्या वर्षी आशियात उतरला आणि बत्तिसाव्या वर्षी बॅबिलोनमध्ये मेला (इ.स.पू. ३२३). आपल्यातले काही जण बाविसाव्या वर्षी एम-थ्रीची केटी सोडवत असतात.

माझं म्हणणं वेगळं आहे. सिकंदराची गोष्ट आपण ज्या ठिकाणाहून बघतो ते ठिकाणच चुकीचं आहे. आपण घोड्यावर बसून बघतो. आपण इंजिनिअर आहोत, आपण ती जमिनीवरून बघायला हवी.

मामांच्या प्रश्नानंतर मी लायब्ररीत बसलो आणि आधी धान्याचा हिशोब मांडला. आशियात उतरताना त्याच्याकडे तीस हजारांच्या वर पायदळ आणि पाच हजारांच्या वर घोडदळ होतं. नोकरचाकर धरून चाळीस हजार तोंडं धरू. दिवसभर चालणाऱ्या माणसाला दीड किलो धान्य. म्हणजे रोज ६० टन. दहा टनी सहा ट्रक, रोज.

ट्रक नव्हते, खेचरं होती. सिकंदराचा बाप फिलिप याने सैन्याबरोबर बैलगाड्यांचा लवाजमा न्यायला बंदी केली होती आणि दहा शिपायांमागे एकच हरकाम्या ठेवला होता, त्यामुळे हे सैन्य झपाझप चालायचं. तरी ओझं वाहायला जनावर लागतंच. एक खेचर साधारण १०० किलो वाहतं असं धरा. एका दिवसाच्या धान्याला ६०० खेचरं, दहा दिवसांच्या धान्याला ६,०००. पण खेचरही खातं. चारा नसलेल्या मुलखात त्याला रोज पाच किलो धान्य द्यावं लागलं, तर दहा दिवसांत ते ५० किलो खाणार, म्हणजे आपल्या ओझ्याच्या निम्मं. मग ६,००० खेचरांचं खाणं वाहायला आणखी ३,०००, त्यांचं वाहायला १,५००, त्यांचं वाहायला ७५०... ओळखलंत ना? जिओमेट्रिक सिरीज, गुणोत्तर अर्धा, बेरीज १२,०००. आता दहाऐवजी वीस दिवस धरा. खेचर वीस दिवसांत १०० किलो खातं, म्हणजे सगळं ओझं स्वतःच संपवतं. गुणोत्तर एक. सिरीज डायव्हर्ज. जगातली सगळी खेचरं आणलीत तरी वैराण मुलखात चाळीस हजार माणसं वीस दिवस पुढे जाऊ शकत नाहीत. हा शौर्याचा प्रश्नच नाही, गणिताचा आहे.

डोनाल्ड एंगल्स या अभ्यासकाने १९७८ साली सिकंदराच्या सैन्याच्या रसदीवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे. मग सिकंदर एवढ्या लांब आला कसा? उत्तर साधं आहे. तो जिथून गेला तिथे आधीपासून कोणीतरी राहत होतं आणि पिकवत होतं. शक्यतो पीक निघाल्यावर त्या मुलखात शिरायचं, किनाऱ्याने आणि नदीकाठाने चालायचं, पुढच्या प्रांताच्या अधिकाऱ्याकडून आधीच शरणागती आणि कोठारं मिळवायची. ज्या इराणी साम्राज्याला त्याने 'जिंकलं' ते सायरसपासून सुमारे सव्वादोनशे वर्षं उभं होतं. सार्डिसपासून सुसापर्यंत त्यांचा राजरस्ता होता, जवळजवळ अडीच हजार किलोमीटरचा, ठिकठिकाणी मुक्कामाची ठाणी असलेला. पर्सेपोलिसला १९३३ साली मातीच्या हजारो पाट्या सापडल्या, त्यांत कोणत्या प्रवाशाला किती पीठ आणि किती दारू दिली याच्या नोंदी आहेत. म्हणजे स्टोअरचं रजिस्टरच. हे रस्ते बांधणारे आणि ही रजिस्टरं लिहिणारे नसते, तर जगज्जेता फार तर तुर्कस्तानच्या मध्यापर्यंत पोचला असता. दुसऱ्याच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटवर चाललेली ही मोहीम होती. इ.स.पू. ३३० मध्ये त्याच पर्सेपोलिसचा राजवाडा त्याने जाळला. त्याआधी खजिना हलवला होताच. प्लुटार्क लिहितो की तो न्यायला खेचरांच्या १०,००० जोड्या आणि ५,००० उंट लागले.

हा सगळा हिशोब कागदावर मांडून मी मोठ्या ऐटीत मामांना दाखवला. साठ टन, बारा हजार खेचरं. मामा रोज अडीचशे पोरांना जेवू घालतात, आकड्यांना घाबरत नाहीत. कागद वरून खाली बघून म्हणाले, "पाणी धरलंस का?"

नव्हतं धरलं.

धरून बघा. माणशी नुसतं प्यायला दोन लिटर म्हटलं तरी ८०,००० लिटर. उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या टाकीशी जो दहा हजार लिटरचा टँकर लागतो, तसे आठ टँकर. खेचराला ३० लिटर धरलं तर बारा हजार खेचरांना ३,६०,००० लिटर, म्हणजे आणखी ३६ टँकर. रोज. आणि पाणी खेचरावर लादलंत तर १०० लिटरचं ओझं ते स्वतःच तीन दिवसांत पिऊन संपवणार. धान्याची सिरीज वीस दिवसांनी फुटते, पाण्याची तीन दिवसांत.

आता त्या वाळवंटाकडे येऊ. त्याचं नाव गेद्रोसिया, आजच्या बलुचिस्तानातला मकरानचा पट्टा. इ.स.पू. ३२६ मध्ये बियास नदीवर सैन्याने पुढे यायला नकार दिला. कोइनस नावाच्या सेनानीने सगळ्यांच्या वतीने राजाला तोंडावर सांगितलं की आता पुरे. सिकंदर तीन दिवस तंबूत रुसून बसला, शेवटी मागे फिरला. सिंधूच्या मुखापर्यंत आल्यावर परतीला सोपा रस्ताही होता. सैन्याचा मोठा भाग क्रेटेरसबरोबर त्याने आतल्या बाजूच्या त्या मार्गाने पाठवला, आणि तो भाग नीट पोचला. स्वतः मात्र उरलेल्यांना घेऊन किनाऱ्याच्या वाळवंटाने निघाला (इ.स.पू. ३२५). का? नौदलाला मदत करणं हे एक कारण होतं. जहाजांसाठी किनाऱ्यावर विहिरी खणायच्या, धान्य ठेवायचं. एंगल्सच्या मते जहाजांनीही सैन्याला धान्य पुरवायचं होतं. पण एरियन हा इतिहासकार खुद्द नौदलप्रमुख निआर्कसच्या हवाल्याने दुसरं कारण सांगतो. या वाटेने सैन्य घेऊन जाताना राणी सेमिरामिस आणि सायरस दोघेही धुळीला मिळाले होते, असं सिकंदरानं ऐकलं होतं. त्यांना जमलं नाही ते आपण करून दाखवायचं होतं.

पुढे काय झालं? जहाजं पावसाळी वाऱ्यांमुळे आजच्या कराचीजवळ २४ दिवस अडकून पडली. सैन्य एकीकडे, ताफा दुसरीकडे, मध्ये साठ दिवसांचं वाळवंट. मिळालेलं थोडं धान्य सिकंदराने मोहोरबंद करून ताफ्यासाठी किनाऱ्याकडे पाठवलं, तर पहारेकऱ्यांनीच मोहोर फोडून ते खाल्लं आणि भुकेल्या सोबत्यांना वाटलं. राजाने शिक्षा केली नाही, कारण कोणत्या तोंडाने करणार? शिपाई ओझ्याची जनावरं मारून खायचे आणि तहानेने मेली म्हणून सांगायचे. गाड्या वाळूत रुतल्या, म्हणून आजारी माणसं वाटेतच सोडली. एका रात्री ओढ्याकाठी तळ पडला असताना लांब डोंगरात पाऊस झाला, लोंढा आला आणि सैन्यामागून चालणाऱ्या बायका-मुलांपैकी बहुतेक जण वाहून गेले. तहानेने मरणाऱ्यांना पाणी आलं ते असं. एकंदर किती मेले? प्लुटार्क म्हणतो की सव्वा लाखाहून मोठ्या सैन्याचा चौथा हिस्साही परत आला नाही. आजचे अभ्यासक हा आकडा फुगवलेला मानतात. पण फुगवलेल्या आकड्याच्या आतही माणसं असतात.

याच वाटेवर ती शिरस्त्राणाची गोष्ट घडली असं एरियन सांगतो. प्लुटार्क तशीच गोष्ट पाच वर्षं आधी, दारियसच्या पाठलागात घडली म्हणून सांगतो. म्हणजे गोष्ट इतकी आवडती की जागा बदलत राहिली. ती खरी असेलही. पण टाळ्या त्या ओंजळभर पाण्याला मिळाल्या, आणि मुळात चूक होती ती रूट सर्व्हेची.

इथपर्यंत राजाबद्दल झालं. आता आपल्याबद्दल.

सिव्हिलवाल्यांनी टायरचा वेढा जरूर वाचावा. इ.स.पू. ३३२. टायर हे फिनिशियन लोकांचं शहर बेटावर होतं, किनाऱ्यापासून सातआठशे मीटर आत, पाण्यातूनच उठलेली तटबंदी. सिकंदराकडे तेव्हा धड आरमार नव्हतं. त्याने समुद्रात भराव टाकायचं ठरवलं. किनाऱ्यावरचं जुनं टायर पाडून दगड काढले, लेबनॉनच्या डोंगरातलं लाकूड आणलं, चिखलात खांब ठोकले आणि सुमारे साठ मीटर रुंदीचा बांध पुढे सरकू लागला. टोकाला दोन लाकडी मनोरे, जाळपोळीपासून वाचायला वर कातडी. टायरचे लोकही कच्चे नव्हते. त्यांनी एक जहाज डांबर-गंधकाने भरलं आणि त्याच्या मागच्या भागात वजन ठेवून नाक वर उचललं, म्हणजे ते बांधावर चढून बसेल. पेटवून सोडलं, मनोरे खाक. मग बांध आणखी रुंद केला, सायप्रस आणि सायडन वगैरे ठिकाणांहून दोनशेवर जहाजं मिळवली, जहाजं एकमेकांना जोडून त्यांवर तट फोडणारी यंत्रं चढवली. टायरचे पाणबुडे नांगराचे दोर कापू लागले, तेव्हा दोरांच्या जागी साखळ्या आल्या. सात महिने हे चाललं. प्रॉब्लेम, सोल्यूशन, पुन्हा प्रॉब्लेम. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू.

त्या सैन्याबरोबरच्या यंत्रकारांपैकी दोघांची नावं व्हिट्रुवियसने आपल्या ग्रंथात नोंदवली आहेत: डायाडीस आणि कॅरियास. म्हणजे आपले सीनियर.

तट पडल्यावर एरियनच्या हिशोबाने टायरचे ८,००० लोक मारले गेले आणि ३०,००० गुलाम म्हणून विकले गेले. आणखी २,००० जणांना किनाऱ्यावर खांबांवर चढवलं असं कर्टियस लिहितो. गुन्हा काय? आम्ही या युद्धात कोणाच्याच बाजूने नाही म्हणत त्यांनी सिकंदराला शहरात घेतलं नव्हतं, आणि पुढे त्याची माणसं मारली होती.

तो बांध आजही आहे. भराव टाकल्यामुळे प्रवाहाने आणलेली वाळू तिथे साठत गेली आणि बेटाचं द्वीपकल्प झालं. मुळात खाली नैसर्गिक वाळूचा उंचवटा होता, म्हणून पाणी उथळ होतं आणि काम शक्य झालं, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय अभ्यासातून दिसलं. आज लेबनॉनमधलं सूर शहर त्याच जमिनीवर पसरलं आहे. सिकंदराचं साम्राज्य किती टिकलं? तो मेला आणि सेनापती भांडायला लागले. तेरा वर्षांच्या आसपास त्याची बायको रोक्सानाही मारली गेली आणि पोरगाही. आई त्याआधीच. नकाशावरचा रंग पुसला गेला, भराव मात्र राहिला.

कोणी म्हणेल, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया उभं राहिलं, ग्रीक भाषा आणि शिल्पकला गंधारापर्यंत पोचली, हे त्याच्याचमुळे ना? बरोबर आहे. पण ते काम पुढच्या पिढ्यांतल्या व्यापाऱ्यांनी, गवंड्यांनी, लेखनिकांनी केलं. सेल्युकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून मुलूख सोडला आणि ५०० हत्ती घेतले, तेव्हापासून दोन्हीकडे वकील ये-जा करू लागले. देवाणघेवाण तहाने वाढली. आणि ज्यांच्या अंगावरून मोहीम गेली त्यांनी त्याला काय नाव ठेवलं? जुन्या पारशी धर्मग्रंथांत त्याच्या नावाआधी 'गुजस्तक' हे विशेषण येतं, म्हणजे शापित. 'महान' ही पदवी त्यांनी दिलेली नाही.

मित्रांनो, पोस्टरवर सिकंदर लिहिताना प्रत्येकाला वाटतं आपण तो घोड्यावरचा. प्लेसमेंटच्या भाषणातही हेच सांगतात: लीडर बना, मार्केट जिंका. पण हिशोब करा. दर पिढीला सिकंदर एखादाच होतो, आणि डायाडीस हजारो लागतात. आपण ते हजारो आहोत. कोणीतरी बोट दाखवणार की त्या बेटापर्यंत भराव टाका, आणि आपण टाकणार, उत्तम टाकणार, कारण तेच आपण शिकलो. चार वर्षांत आपल्याला भराव कसा टाकायचा हे शिकवलं जातं. का टाकायचा आणि पलीकडे कोण राहतं, हे एकाही व्हायवात विचारत नाहीत.

म्हणून माझं मत एवढंच आहे. सिकंदर अभ्यासावा, पण आपला आदर्श म्हणून कोणाला निवडायचंच असेल तर बियासच्या काठावरचा कोइनस निवडावा. त्याने तोपर्यंत इमाने काम केलं होतं, लढाया मारल्या होत्या, आणि हिशोब जुळेना तेव्हा उभा राहून सांगितलं की जुळत नाही. गेद्रोसियाच्या वेळी असा कोणी उभा राहिला नाही. कोइनस तोपर्यंत आजारपणात मेला होता.

परवा मेसमध्ये मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी ह्याच्यावर बोल." मी म्हटलं, "मामा, ह्याला टाळ्या नाही पडायच्या." तर म्हणाले, "नाही पडल्या तर नाही. पोळी घेतोस का अजून?"

घेतली. आणि पुढच्या वर्षीसाठी नावही देऊन ठेवलंय.